गोव्यातल्या वकील मंडळींना खुलं पत्र: भाई आहेत तोवर आम्हाला शिकवा

प्रति,
गोव्यातल्या सगळ्या बार असोसिएशन्सचे पदाधिकारी, सीनियर वकील, आणि बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा,

सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याची. गेली सतरा वर्षं वकिलांच्या ऑफिसात काम करते, कोणी मला लीगल असिस्टंट म्हणतं, कोणी क्लार्क म्हणतं, कोर्टातले जुने लोक अजून कारकूनच म्हणतात आणि पक्षकार ताई म्हणतात. तुमच्यातल्या पुष्कळ जणांनी मला बघितलंय पण नाव माहीत नसेल. फायलिंगच्या काउंटरवर, सर्टिफाइड कॉपीच्या लायनीत, मामलेदार ऑफिसच्या बाकड्यावर मांडीवर चार फायली घेऊन बसलेली असते ती मी, किंवा माझ्यासारखीच कुणीतरी.

हे पत्र लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण गेल्या महिन्यात वाळपईची एक मुलगी घरी आली आणि मग राहवलं नाही. बीकॉम झालेली, हुशार, बोलायला नीट, घरची परिस्थिती बेताची. म्हणाली, ताई मला लीगल असिस्टंट व्हायचंय, काय शिकायला लागतं? आणि मी उत्तर द्यायच्या आधीच तिने बॅगेतनं एक सर्टिफिकेट काढलं, ऑनलाइन कोर्सचं, आठ हजार भरून केलेलं. तिच्या नोट्स चाळल्या. अमेरिकेतल्या लॉ फर्ममध्ये काम कसं चालतं, डिपॉझिशन म्हणजे काय, तिकडच्या कोर्टांची उतरंड कशी, सगळं छान इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी विचारलं वकालतनाम्यावर कुणाकुणाची सही लागते? माहीत नाही. फॉर्म वन अँड फोर्टीन बघितलायस कधी? तिच्या स्वतःच्या घरात असणार तो जमिनीचा उतारा, पण नाही म्हणाली. इन्व्हेंटरी म्हणजे काय? म्हणाली दुकानातल्या मालाची यादी. गोव्याच्या कोर्टात इन्व्हेंटरी म्हणजे मेलेल्या माणसाची मिळकत वारसांत वाटायची केस.

तिचा काय दोष? तिने पैसे भरले, मेहनत केली. गोव्यात हे काम शिकवणारी एकही जागा तिला सापडली नाही म्हणून ती जिथे मिळेल तिथे गेली. तेव्हा माझं मागणं आधीच सांगून टाकते, बाकीचं नंतर. गोव्यात, गोव्याच्या कायद्यावर, लीगल असिस्टंटसाठी सहा महिन्यांचा संध्याकाळचा किंवा शनिवारचा वर्ग सुरू करा. बार असोसिएशनने चालवावा, अर्धं शिकवणं वकिलांनी करावं आणि अर्धं जुन्या कारकुनांनी. आणि हे लवकर करा, कारण जे शिकवू शकतात ते भाईंसारखे जुने कारकून आता सत्तरीला आलेत.

मी कशी शिकले ते सांगते, कारण तुमच्या ऑफिसातली मुलं पण बहुतेक तशीच शिकतायत. २००८ साली मी एका ऑफिसात लागले, नाव सांगत नाही. टायपिंग येत होतं, एवढंच क्वालिफिकेशन. महिना अडीच हजार ठरले. पहिल्याच दिवशी हातात फाइल दिली आणि सांगितलं जा, फायलिंग करून ये. कुठे जायचं, कोर्ट फी स्टॅम्प किती लावायचे, प्रोसेस फी कधी भरायची, पानांना नंबर कुठल्या कोपऱ्यात, कोणी काही सांगितलं नाही. तीन वेळा ऑब्जेक्शन निघून फाइल परत आली आणि तीन वेळा बोलणी खाल्ली. रडले पण. सगळ्यांचं असंच होतं म्हणतात, म्हणून मी पण धरून चालले की असंच असतं.

पण मग २००९ साली जे झालं ते असंच असतं म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

एक म्हाताऱ्या बाई आमच्या पक्षकार होत्या, ऐंशीच्या आसपास वय. नवरा १९५८ साली वारला, मुलं तेव्हा लहान, म्हणून त्या वेळी कोर्टात पोर्तुगीज काळातली इन्व्हेंटरी सुरू झाली होती पण वाटणी शेवटपर्यंत झालीच नाही. तो जुना पोर्तुगीज कागद सरांनी माझ्या हातात दिला, म्हणाले यातली नावं काढ आणि वारसांचा चार्ट बनव. मला पोर्तुगीजचं एक अक्षर येत नव्हतं. नावं तेवढी ओळखू येतील असं वाटलं. बाईंच्या नावापुढे दोन शब्द होते, व्हियूव्हा मेयेइरा. व्हियूव्हा म्हणजे विधवा हे मला कोणीतरी सांगितलं. मेयेइरा हे मला जुनं आडनाव किंवा घराण्याचं नाव वाटलं, त्या काळच्या कागदात आपली नावं ओळखू येत नाहीत अशीच लिहिलेली असतात म्हणून मी तो शब्द सोडून दिला. चार्ट केला, बाई आणि चार मुलं, प्रत्येकाला पाचवा हिस्सा. सर घाईत होते, सही झाली, अर्ज दाखल झाला.

मेयेइरा म्हणजे अर्ध्याची मालकीण. आपल्याकडे लग्नाबरोबर मिळकत नवराबायकोच्या समाईक मालकीची होते, वेगळा करार केला नसेल तर. नवरा गेला की बायको वारस म्हणून काही मागत नाही, अर्धं तिचं असतंच, उरलेल्या अर्ध्याची वाटणी मुलांत. म्हणजे बाईंचा हिस्सा अर्धा आणि मुलांचा प्रत्येकी आठवा. मी एका शब्दामुळे अर्ध्याचा पाचवा केला. आठ महिन्यांनी समोरच्या बाजूने आमचाच चार्ट आमच्यावर वापरला तेव्हा कळलं. मग दुरुस्तीचा अर्ज, त्यावर हरकत, त्यावर तारखा. दीड वर्ष गेलं. केस संपायच्या आधी बाई गेल्या. त्यांनी मला कधी काही बोलून दाखवलं नाही, प्रत्येक तारखेला येताना माझ्यासाठी घरची केळी आणायच्या.

चूक माझीच होती आणि मी ती कुणावर ढकलत नाही. पण मी तुम्हाला विचारते, ज्या कामात एका शब्दावर घरदार अवलंबून असतं ते काम न शिकवता कोणाच्या हातात द्यावं का?

ती चूक कळली त्याच सुमारास मला भाई भेटले. दुसऱ्या एका ऑफिसातले जुने कारकून, सगळं कोर्ट त्यांना भाईच म्हणतं. कॉरिडॉरमध्ये मी तो कागद घेऊन बसले होते, ते शेजारी येऊन बसले, चष्मा वर सरकवला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचून दाखवला. मग दर शनिवारी दुपारी दीड दोन तास, जवळजवळ दोन वर्षं, ते मला शिकवत होते, एक पैसा न घेता.

काय शिकवलं ते थोडं सांगते म्हणजे कळेल की हे दिल्लीच्या किंवा अमेरिकेच्या कोर्समध्ये का मिळणार नाही.

पहिलं नाव वाचायला शिकवलं. पोर्तुगीज कागदात एक्स हे अक्षर श असं वाचायचं. म्हणजे एक्सने सुरू होणारं शेंकोरा पोरोबो दिसलं की तो आपला शंकर प्रभू. कामत तिथे कामोतीं होतो, विठ्ठल वितोल होतो. एकाच माणसाचं नाव बाप्तिस्म्याच्या किंवा जन्माच्या नोंदीत एक, सेल डीडमध्ये दुसरं आणि सर्व्हेच्या उताऱ्यात तिसरं असतं, आणि मग वन अँड द सेम पर्सन असं अॅफिडेविट करायला लागतं. ते कधी पुरतं आणि कधी नाव दुरुस्तीसाठी कोर्टात जावं लागतं हे ओळखणं हे निम्मं काम.

मग जमीन. गोव्यात एकाच जागेला तीन ओळखी असतात. लँड रजिस्ट्रेशनमधला डिस्क्रिप्शन नंबर, तो अमुक बुकाच्या अमुक फोलिओवर असतो. मॅट्रिझचा नंबर, तो कराच्या नोंदीचा. आणि लिबरेशननंतरच्या सर्व्हेचा नंबर आणि त्याचं सब-डिव्हिजन. शहरात असाल तर त्या जागी सिटी सर्व्हेचा चाल्ता नंबर आणि पीटी शीट. हे तिन्ही नंबर एकाच जागेचे आहेत हे सिद्ध कसं करायचं? भाई म्हणायचे नंबर बघू नको, हद्दी बघ. पूर्वेला कोणाची जागा, पश्चिमेला ओहोळ का पाणंद, जुन्या डीडमधल्या चारी हद्दी प्लॅनवर बसतात का ते बघ. आणि फॉर्म वन अँड फोर्टीन हातात आला की आधी वरचं नाव वाचायचं नाही, कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना वाचायचा, तिथे कूळ किंवा मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणारा, बसलेला असला तर सगळी केसच बदलते. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा, या दोन्हींची सुनावणी मामलेदारापुढे असते आणि तिथली फायलिंगची रीत सिव्हिल कोर्टापेक्षा वेगळी. हे कॉमर्सच्या डिग्रीत कोण शिकवणार होतं?

आपला सिव्हिल कोड १८६७ चा, गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू. १९६१ ला पोर्तुगीज गेले, तो कायदा राहिला. वारसा आणि इन्व्हेंटरीचा भाग आता २०१२ च्या गोवा सक्सेशन, स्पेशल नोटरीज अँड इन्व्हेंटरी प्रोसिडिंग अॅक्टमध्ये आलाय, तो २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला. तेव्हा जुनी फाइल असली तर जुने शब्द, नवी असली तर नवे कलम, दोन्ही यायला पाहिजेत. इन्व्हेंटरी घालायची म्हणजे काय काय असतं? हेड ऑफ द फॅमिली नेमायचा, ज्याला जुने लोक कबेसा द काझाल म्हणतात, त्याचं शपथेवर स्टेटमेंट, वारसांची यादी, त्यांच्या नवराबायकांची नावं, मालमत्तेची यादी, हरकती, मूल्यांकन, मग वारसांमध्ये लिसिटेशन म्हणजे आपापसातली बोली, मग वाटणीचा चार्ट. प्रत्येक टप्प्याला असिस्टंटने तयार करायचा कागद वेगळा आहे. आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की गोवेकराची मिळकत गोव्याबाहेर भारतात कुठेही असली तरी वारसा गोव्याच्याच कायद्याने, म्हणजे मुंबईतला फ्लॅट यादीत घालायचा राहिला तर यादीच अपुरी.

सेल डीडमध्ये भावाबरोबर भावाच्या बायकोची पण सही लागते हे बाहेरच्या बिल्डरला चारदा समजावून सांगावं लागतं, आणि ते समजावणारी बहुतेक वेळा आमच्यातलीच कोणीतरी असते. लग्नाच्या नोंदीचं पण तसंच, सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही केली की लग्न झालं असं समजून लोक परदेशी जातात, दुसरी सही राहूनच जाते, आणि वीस वर्षांनी व्हिसाला किंवा वारसाला अडतं. असे लोक रडकुंडीला येऊन पहिल्यांदा भेटतात ते ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत, म्हणजे आम्हाला.

तारखांचं वेगळं सांगायला हवं, कारण इथे चूक झाली की वकिलाच्या हातात काही राहत नाही. जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस. सर्टिफाइड कॉपीला अर्ज केल्यापासून ती तयार होईपर्यंतचे दिवस यातून वजा होतात, पण अर्जच उशिरा केला तर ते आधीचे दिवस गेले ते गेले, आणि कॉपी तयार होऊन काउंटरवर पडून राहिली तर ते दिवस पण वजा होत नाहीत. म्हणजे ऑर्डर झाली त्याच संध्याकाळी अर्ज टाकायचा, हे भाईंनी मला सांगितलं तेव्हा मला काम करायला लागून दीड वर्ष झालं होतं, तोवर मी सावकाश दोन चार दिवसांनी टाकायचे. चेक बाउन्समध्ये बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, त्यानंतर एक महिन्यात कंप्लेंट. कैफियतीला ३० दिवस, फार तर ९०, कमर्शियल सूट असेल तर १२० च्या पुढे दार बंदच. हे सगळं डायरीत लिहून ठेवणारी व्यक्ती कोण असते? सकाळी बोर्ड बघून सरांना आज काय काय आहे ते सांगणारी कोण असते? तुम्ही सगळे जाणता.

आणि आता तर अजून अवघड झालंय. १ जुलै २०२४ पासून फौजदारीचे तिन्ही कायदे बदलले. पूर्वी कलम ४८२ म्हटलं की हायकोर्टात क्वॉशिंग, म्हणजे केस रद्द करून घेणं, आता नव्या कायद्यात ४८२ म्हणजे अँटिसिपेटरी बेल आणि क्वॉशिंग गेलं ५२८ ला. पोटगीचं १२५ झालं १४४. पण गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुनीच आयपीसी. जुना फॉरमॅट कॉपी पेस्ट करायची सवय असलेल्या मुलाने यात काय घोळ होऊ शकतो ते सांगायला नको. व्हॉट्सअॅपचे मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ बी चं सर्टिफिकेट जायचं, आता नव्याच्या कलम ६३ खाली दोन भागांचं सर्टिफिकेट, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, लिहायची, दुसरा भाग एक्स्पर्टने भरायचा. ई-फायलिंगला पीडीएफ सर्च होणारी पाहिजे, बुकमार्क पाहिजेत. मेरशीला किंवा पर्वरीला कोर्टात जाऊन दिवस घालवायचे त्यापेक्षा हे बरंच चांगलं झालंय, मी तक्रार करत नाहीये, पण कोणीतरी एकदा बसून शिकवायला हवं ना. वकिलांसाठी यावर लेक्चर्स झाली, झालीच पाहिजेत. आमच्यासाठी एक तासाचं पण झालेलं मला माहीत नाही.

एक गोष्ट मला फार लागते ती म्हणजे गुप्ततेची. कायद्यात आमचा उल्लेख आहे, हे तुमच्यातल्या कितीजणांनी आपल्या स्टाफला सांगितलंय? पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं बाहेर सांगायचं नाही हे बंधन वकिलाच्या क्लार्कला पण लागू आहे, जुन्या पुरावा कायद्यात ते कलम १२७ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात १३२ मध्ये आलंय. मला हे नोकरीला लागून पाच वर्षांनी कळलं. आणि गोवा किती लहान आहे! फोंड्यात एखाद्या लग्नाला गेलं की हॉलमधली निम्मी माणसं कुठल्या ना कुठल्या फाइलमध्ये असतात. माझी सख्खी मावशी एकदा पंगतीत शेजारी बसून विचारत होती, अगो, त्या अमक्याची जागा विकली म्हणतात खरं काय, तुमच्याकडेच आहे ना केस? मी म्हटलं मावशी, मला ते बोलता येत नाही. ती वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही. मला तेव्हा वाईट वाटलं पण आज बरं वाटतं. वीस वर्षांच्या मुलीला पहिल्या दिवशी हे कोणी सांगितलंच नाही तर ती मावशीला काय सांगेल?

तसंच दुसरी बाजू. आम्ही सल्ला द्यायचा नाही, कोर्टात उभं राहायचं नाही, सनद नसताना वकिली केली तर अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण पक्षकार फोन कोणाला करतो? रात्री नऊ वाजता, ताई, पोलीस आलेत, काय करू? अशा वेळी किती बोलायचं आणि कुठे थांबून सरांना फोन लावून द्यायचा, ही रेघ आम्हाला कोणीतरी आखून दाखवायला हवी. शिकलेल्या असिस्टंटला ती रेघ कळते. न शिकलेला एकतर घाबरून फोन उचलत नाही नाहीतर वकील असल्यासारखा बोलतो.

आणि जमीन हडपण्याची प्रकरणं आठवा. २०२२ मध्ये सरकारला एसआयटी नेमावी लागली, निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचं कमिशन बसलं. जुने पोर्तुगीज काळातले कागद खोटे बनवून, मालक परदेशी किंवा मेलेला बघून जागा विकल्या गेल्या. मी असं म्हणत नाही की असिस्टंट शिकलेले असते तर हे झालंच नसतं. पण जुना डीड हातात आल्यावर पणजीला पुराभिलेख खात्यात जाऊन मूळ नोंद बघ, अक्षर बघ, शाई बघ, आधीच्या आणि नंतरच्या पानाचा क्रम बघ, हे भाईंनी मला शिकवलं होतं आणि एकदा त्यामुळेच आमच्या एका पक्षकाराचे बयाण्याचे पैसे वाचले. मूळ पुस्तकात त्या पानावर वेगळ्याच गावची जागा होती. सरांनी त्या दिवशी सगळ्या ऑफिसला भजी पाव मागवली.

बाहेर काय चालतं ते पण थोडं बघूया. अमेरिकेत वकिलांचीच संघटना, अमेरिकन बार असोसिएशन, १९७५ पासून पॅरालीगलच्या, म्हणजे आमच्यासारख्या असिस्टंटच्या, कोर्सेसना मान्यता देते, आणि १९७६ पासून तिथे सर्टिफाइड पॅरालीगलची वेगळी परीक्षा आहे. माझ्या मावसबहिणीची मुलगी टोरांटोला आहे, तिथे ऑन्टारिओत २००७ पासून पॅरालीगलला लॉ सोसायटी लायसन्स देते, छोट्या दाव्यांच्या कोर्टात ती स्वतः उभी राहते. मला तेवढं नकोय, आपली व्यवस्था वेगळी आहे आणि उभं राहणं वकिलाचंच काम आहे. इतक्या लांब कशाला, केरळने वकिलांच्या क्लार्कसाठी २००३ साली वेल्फेअर फंडाचा कायदा केलाय. तिथे कारकून म्हातारा झाला तर त्याला काहीतरी मिळतं. आमच्या भाईंना निवृत्त होताना शाल आणि नारळ मिळाला. ज्या वकिलांकडे त्यांनी उभं आयुष्य काढलं ते भले माणूस होते, त्यांनी स्वतःच्या खिशातून पण काही दिलं, पण ती त्यांची मर्जी होती, भाईंचा हक्क नव्हता.

काही जण म्हणतील लीगल सर्व्हिसेस अॅथॉरिटीचे पॅरा लीगल व्हॉलंटियर आहेतच की, त्यांना ट्रेनिंग मिळतं. मिळतं, २००९ पासूनची स्कीम आहे, चांगलं काम आहे, पण ती गावात लोकांना कायद्याची माहिती आणि मदत पोचवणारी माणसं आहेत, मानधनावर. ऑफिस चालवायची नोकरी वेगळी. त्यांच्या ट्रेनिंगचा जो आराखडा आहे त्यातलं बरंच आपल्याला घेता येईल एवढं मात्र खरं.

तुमच्या मनात काय येईल ते पण मला माहीत आहे, कारण सतरा वर्षं ऐकतेय. शिकवलं की सोडून जातात. जातात, साहेब. पण पगार बघून जातात आणि मान बघून राहतात. मी पहिलं ऑफिस सोडलं ते शिकले म्हणून सोडलं नाही, तिथे कोणी शिकवत नव्हतं म्हणून सोडलं, आणि आत्ताच्या ऑफिसात बारा वर्षं आहे कारण इथल्या मॅडम ड्राफ्टवर लाल पेनने खुणा करून समोर बसवून का बदललं ते सांगतात. दुसरं म्हणतात आता एआय आलंय, ड्राफ्ट तो करेल. करू दे की. पण १९३७ सालचा हाताने लिहिलेला, अर्धा वाळवीने खाल्लेला कागद, आणि त्यातली शेतं कुठली हे गावातल्या म्हाताऱ्याला विचारून ठरवायचं, हे त्याला आज तरी जमत नाही, आणि त्याने जे काही लिहून दिलं ते बरोबर आहे का हे तपासायला शिकलेलं माणूसच लागेल.

वर्गाबद्दल मी थोडा विचार केलाय. सहा महिने पुरतील. बारावी किंवा डिग्री, टायपिंग आणि मराठी, कोंकणी, इंग्रजी वाचता येणं एवढी अट. फी असावी पण तीन हजारांच्या वर नको, आणि ऑफिसने आपल्या माणसाला पाठवलं तर ती ऑफिसने भरावी. पणजीला साळगावकर लॉ कॉलेज आहे, मडगावला कारे लॉ कॉलेज आहे, शनिवारी दुपारी खोल्या मोकळ्या असतील, विचारायला काय हरकत आहे? पेडणे, काणकोण, सांगेच्या मुलांना दर आठवड्याला एवढं लांब येणं परवडत नाही, त्यांच्यासाठी महिन्यातनं एकदा तरी तालुक्याच्या बाररूममध्ये घ्या. पहिले दोन महिने नुसतं ऑफिस आणि कोर्ट, वकालतनामा, रोजनामा वाचणं, एक्झिबिटचे नंबर, कॅव्हिएट, सर्टिफाइड कॉपी, ई-फायलिंग. मग दोन महिने जमीन आणि वारसा, आणि त्यात कागद वाचण्यापुरतं पोर्तुगीज, बोलायला नको, दोनशे अडीचशे शब्द आले तरी काम होतं. शेवटचे दोन महिने प्रत्येकाला दुसऱ्या कोणाच्या तरी ऑफिसात बसवा, आपल्या नाही, म्हणजे आपल्या ऑफिसच्या चुकीच्या सवयी दिसतात. शेवटी परीक्षा, बारचं सर्टिफिकेट, आणि एक ओळखपत्र. ओळखपत्र लहान गोष्ट वाटेल पण गेटवर रोज कोण तुम्ही, कशाला आलात हे ऐकणाऱ्याला विचारा.

भाई आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं चतुर्थीनंतर आहे. त्यांची एक वही आहे, लांबट, लाल कापडी बांधणीची, दुकानदार उधारी लिहितात तसली. डाव्या बाजूला पोर्तुगीज शब्द, उजवीकडे मराठीत अर्थ, आणि खाली बारीक अक्षरात तो शब्द कुठल्या कागदात भेटला ते. आफोरामेंत, अल्वारा, तेर्सा, सगळं. मेयेइरा या शब्दापुढे त्यांनी फुली मारून माझं नाव लिहून ठेवलंय, म्हणजे पुन्हा कोणी विचारलं तर ही गोष्ट सांगायची आठवण राहावी म्हणून. त्यांच्या बरोबरीचे डिचोलीचे एक होते, ते गेल्या पावसात गेले, त्यांच्याकडे पण अशीच वही होती असं भाई सांगतात. ती घरच्यांनी रद्दीत दिली.

मी भाईंना विचारलं, वर्ग झाला तर शिकवाल? म्हणाले एक खोली आणि फळा द्या, खडू मी आणतो.

शनिवारी अडीचनंतर ते मोकळे असतात. वाळपईच्या मुलीला मी सध्या त्यांच्याकडेच पाठवतेय, तिचे दोन शनिवार झाले. वहीची झेरॉक्स काढून ठेवलीय, एकशे चौऱ्याऐंशी पानं आहेत, तुमच्यापैकी ज्या बार असोसिएशनला पाहिजे तिला मी स्वतः आणून देईन.

आपली,
फोंड्याची एक लीगल असिस्टंट